म्यूटवरची एस.यू.ओ. : एनसीसीच्या एका कंपनीचं ऑनलाइन ट्रेनिंग

२०१९ मध्ये मला कुणी येऊन सांगितलं असतं की सर तुम्ही पुढच्या वर्षी पोरांना मोबाईलवर परेड शिकवणार आहात, तर मी त्याला चहा पाजून परत पाठवला असता. एनसीसी ऑनलाइन म्हणजे कोरड्या विहिरीत पोहायला शिकवणं, एवढं साधं मत होतं माझं. आता ते मत राहिलेलं नाही, पण ऑनलाइनच्या बाजूचा झालोय असंही नाही. नेमकं काय झालं ते जसं घडलं तसं लिहितो, कारण आमच्यासारख्या ए.एन.ओ. (कॉलेजात एनसीसी सांभाळणारे शिक्षक-अधिकारी) लोकांच्या गप्पांत हा विषय निघाला की लगेच दोन पार्ट्या पडतात आणि दोन्ही पार्ट्यांना खरी गडबड कुठं झाली ते दिसत नाही असं माझं म्हणणं आहे.

मी तालुक्याच्या गावी कॉलेजात भूगोल शिकवतो आणि एनसीसी बघतो. कामठीला ओटीएमध्ये, म्हणजे ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत, ट्रेनिंग करून आलेला लेफ्टनंट, म्हणजे वर्दीवर स्टार आहेत पण मूळ मास्तरच. आमच्याकडे सीनियर डिव्हिजनची एक कंपनी, कागदावर १६० च्या आसपास, रविवारी सकाळी सातला मैदानावर सव्वाशे तरी उभे असायचे. बटालियनकडून पी.आय. स्टाफ, म्हणजे सैन्यातला शिकवणारा माणूस, यायचा, एक हवालदार साहेब, पोरं त्यांना उस्ताद म्हणतात. आता ज्यांनी एनसीसी केलेली नाही त्यांना वाटतं की परेड ए.एन.ओ. आणि उस्ताद घेतात. तसं नसतं हो. मैदानावर माझं काम जवळपास शेवटी येतं. एस.यू.ओ. (सीनियर अंडर ऑफिसर, कॅडेटमधली सगळ्यात वरची) फॉल-इन करून घेते, म्हणजे सगळ्यांना रांगेत उभं करते, तिच्या खालचे जे.यू.ओ. (ज्युनियर अंडर ऑफिसर) आणि सार्जंट आपापल्या पोरांची हजेरी काढतात, बेरेट कुणाची पावासारखी फुगलीय, बूट कुणाचा पॉलिश नाही, दाढी कुणी केली नाही हे सगळं थर्ड इयरची पोरं सेकंड इयरला आणि सेकंड इयरची फर्स्ट इयरला बघायला लावतात, मग एस.यू.ओ. मला परेड स्टेट, म्हणजे हजर-गैरहजरचा हिशोब, देते आणि त्यानंतर मी तोंड उघडतो. नव्या पोराला पीछे मुड शिकवणारा त्याच्याहून फक्त एक वर्ष मोठा पोरगा असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला. एप्रिलमध्ये एनसीसीचं 'योगदान' सुरू झालं, म्हणजे १८ वर्षांवरचे कॅडेट स्वतःहून तयार असतील तर प्रशासनाच्या मदतीला, रांगा लावणं, धान्यवाटप, ट्रॅफिक, हेल्पलाइन वगैरे. आमची मोजकीच पोरं गेली, घरच्यांची परवानगी मिळणं सोपं नव्हतं. त्यात एक सेकंड इयरची मुलगी होती, तिला बँकेबाहेरच्या रांगेवर लावलेलं. तीच पुढच्या वर्षी आमची एस.यू.ओ. झाली.

मग ऑनलाइनचं फर्मान आलं. २७ ऑगस्ट २०२० ला संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते डीजीएनसीसीचं, म्हणजे एनसीसीच्या मुख्यालयाचं, ट्रेनिंग ॲप आलं, त्यात सिलॅबस, प्रेसी (विषयाच्या नोट्स), व्हिडिओ, नेहमीचे प्रश्न, आणि प्रश्न पाठवला की उत्तर द्यायची सोय. ॲप खरंच कामाचं होतं, वाकडं बोलणार नाही. त्याआधी प्रेसीच्या झेरॉक्सची झेरॉक्स फिरायची आणि त्यात रायफलचं चित्र म्हणजे नुसता काळा डाग. पण ॲप आलं म्हणजे क्लास झाला असं नसतं, तो आम्हालाच घ्यायचा होता.

पहिला क्लास झूमवर. फुकटचं झूम, ४० मिनिटांची आणि १०० जणांची मर्यादा, म्हणजे वीस-पंचवीस पोरं बाहेरच "सर घेईना आत" म्हणून व्हॉट्सॲपवर बोंबलत बसली. आत जी होती त्यातल्या निम्म्यांचा कॅमेरा बंद, कारण खेड्यात रेंज नाही, दिवसाचा दीड जीबी भावाबहिणीत वाटून, आणि कितीतरी घरात एकच स्मार्टफोन जो वडील शेतावर घेऊन जातात. मी हौसेनं ड्रिलपासूनच सुरुवात केली. म्हटलं सगळे उभे राहा, माईक चालू करा, मी सावधान म्हणतो. जे झालं ते ऐकण्यासारखं होतं, कुठं कुत्रं, कुठं मिक्सर, कुणाची आजी "कुणाशी भांडतोय रं" म्हणून विचारतेय, आणि पायाचे आवाज पावसाच्या थेंबासारखे एकामागून एक, कुठलेही दोन एकत्र नाहीत.

हे साधं गणित आहे, आधीच करायला हवं होतं मी. तेज चलमध्ये, म्हणजे परेडच्या नेहमीच्या चालीत, मिनिटाला १२० कदम, म्हणजे एका कदमाला अर्धा सेकंद. खेड्यातल्या नेटवर माझा आवाज पोचायलाच अर्धा ते दोन सेकंद, आणि प्रत्येकाकडे वेगळा. म्हणजे एक पोरगा एक कदम मागं, दुसरा चार. ड्रिलमध्ये शिकायचं असतं ते एकाच क्षणी हलणं, आणि नेमकं तेच या तारेतून जात नाही. उस्तादांनी यावर तोडगा काढला, पोरांनी स्वतःचा व्हिडिओ काढून पाठवायचा, ३० सेकंदाच्या आत कारण व्हॉट्सॲप १६ एमबीच्या वर घेत नव्हतं. बहिणीनं धरलेला मोबाईल, शेणानं सारवलेलं अंगण, पायात स्लीपर, आणि पोरगं छाती काढून दाहिने मुड करतंय. उस्ताद एकेक व्हिडिओ बघून व्हॉइस नोट पाठवायचे, "बेटा, एडी उठा रहे हो, पंजा नहीं।" एकेकट्याची हालचाल याने सुधारली हे मान्य करावं लागेल, काहींची तर मैदानावर सुधारली नसती इतकी, कारण मैदानावर उस्ताद एका पोराकडे सलग ३० सेकंद कधी बघणार? पण रांगेतला माणूस तयार झाला नाही.

वेपन ट्रेनिंगबद्दल थोडक्यातच, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. पॉइंट टू-टू रायफल बटालियनच्या कोतमध्ये (शस्त्रागारात) कुलपात, पोरं घरी. पार्ट्सची नावं सगळ्यांना तोंडपाठ झाली, गुगल फॉर्मवरच्या टेस्टमध्ये वर्गच्या वर्ग पन्नासपैकी अठ्ठेचाळीस (त्यातले किती दुसऱ्या मोबाईलवर प्रेसी उघडून, ते देवाला माहीत). पुढं रेंजवर गेल्यावर त्याच पोरांनी पहिल्या राउंडला डोळे मिटले आणि ट्रिगर दाबायच्या ऐवजी खेचला, टार्गेटवर गोळ्या जवळजवळ लागून ग्रुप होणं सोडाच, भोकं शोधावी लागली. व्हिडिओत श्वास कधी धरायचा ते कळतं, धरवत नाही.

आता ज्याचं मला स्वतःला आश्चर्य वाटलं ते, मॅप रीडिंग. भूगोलवाला असल्यामुळं माझा जीव त्यात आहे आणि मैदानावर मी तो विषय दरवर्षी मारून टाकायचो, खोटं कशाला बोलू. रविवारी दहा वाजता उन्हात सव्वाशे पोरं आणि दोन नकाशे, पुढच्या पाचजणांना दिसणार, मागचे नाश्त्याच्या वड्याचा वास घेत बसणार. ऑनलाइनमध्ये मी एका नकाशाच्या तुकड्यावर ग्रिड आखून त्याचा फोटो सगळ्यांना पाठवला, प्रत्येकाच्या हातात आपापला नकाशा! चार आकडी ग्रिड रेफरन्सनं एक किलोमीटरचा चौकोन सापडतो, सहा आकडीनं शंभर मीटरचा, हे एका क्लासात झालं. मग मला सुचलं की ही पोरं पन्नासेक वेगवेगळ्या गावांत बसलीयत, कॉलेजचं मैदान तर परातीसारखं सपाट, तिथं कंटूर, म्हणजे उंचसखलपणाच्या रेषा, कुठून दाखवणार, आणि यांच्या घरामागं खरी टेकडी आहे, ओढा आहे, पाझर तलाव आहे. तर आपल्या गावाचा नकाशा काढा, सांकेतिक चिन्हांसकट, देऊळ, विहीर, गाडीवाट, पार. आणि आपल्या पावलानं बांध मोजा. ड्रिलचं पाऊल ३० इंचाचं, त्या हिशोबानं १०० मीटरला १३१ पावलं, तुमची किती होतात ते काढा आणि मग समोरचं बाभळीचं झाड किती लांब ते आधी अंदाजानं लिहून मग मोजून बघा.

नकाशे आले ते मी जपून ठेवलेत. पण खरी मजा कंपासची. मोबाईलमधल्या कंपासवर सगळ्यांनी एकाच दिवशी ध्रुवताऱ्याची दिशा घ्यायची असं ठरलं, म्हणजे ट्रू नॉर्थ (खरी उत्तर) आणि मॅग्नेटिक नॉर्थ (कंपासची सुई दाखवते ती) यातला फरक दिसेल. तो दिसलाच नाही, कारण आपल्या भागात तो एक अंशाच्या आतबाहेर, मोबाईलच्या सुईला काय कळणार. पण तीन-चार पोरांचा आकडा वीस-वीस, तीस-तीस अंशांनी चुकलेला. मी म्हटलं मोबाईल खराब. दुसऱ्या दिवशी त्यातल्याच एकीचा मेसेज, "सर अंगणात घेतलं तर बरोबर येतंय, पत्र्याखाली घेतलं की चुकतंय." लोखंडाजवळ कंपास वापरू नये हे प्रेसीत एका ओळीत लिहिलेलं असतं आणि मी ते इतकी वर्षं वाचून दाखवत होतो. पत्र्याच्या घरात राहणाऱ्या पोरीनं ते स्वतः शोधून काढलं. मैदानावर हे झालं नसतं, तिथं पत्राच नाही.

तर थिअरी ऑनलाइन आणि प्रॅक्टिकल मैदानावर अशी जी सरळ वाटणी लोक करतात ती आमच्याकडे टिकली नाही. मॅप रीडिंग हे प्रॅक्टिकलच, ते ऑनलाइन उत्तम झालं. आणि राष्ट्रीय एकात्मता, व्यक्तिमत्त्व विकास, नागरी संरक्षण ही निव्वळ थिअरी, ती ऑनलाइन सगळ्यात वाईट झाली, कारण मी स्लाइड वाचत होतो आणि समोर काळे चौकोन.

पण मोठं नुकसान यातल्या कुठल्याच विषयात झालं नव्हतं, आणि ते मला कळायला वर्ष लागलं. खरं तर एस.यू.ओ.नं मला नोव्हेंबरमध्येच सांगितलं होतं. क्लास संपल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "सर, माझं काम काय आहे?" मी म्हटलं अगं हजेरीचे स्क्रीनशॉट काढ ना. ती बरं म्हणाली. आज आठवलं की कसंतरी होतं. ही मुलगी बँकेबाहेर दीडशे माणसांची रांग सांभाळून आलेली, जनधनचे पाचशे रुपये काढायला आलेल्या म्हाताऱ्या बायांना मायेनं आणि घुसणाऱ्या बाप्यांना आवाजानं मागं सारणारी, आणि तिला मी म्यूटवर टाकून स्क्रीनशॉट काढायला बसवली. झूमचा होस्ट मी, माईक माझ्या हातात, ट्रेनिंग मी देणार, हजेरी फॉर्मवर. एस.यू.ओ., जे.यू.ओ., सार्जंट सगळे एका रांगेतले काळे चौकोन. मधली फळीच उडाली.

फेब्रुवारी २०२१ मध्ये कॉलेजं अर्धी-मुर्धी उघडली, १५ तारखेपासून, आणि दुसऱ्या लाटेनं लगेच बंद झाली. नीट उघडली ती २० ऑक्टोबर २०२१ ला. पहिल्या रविवारी फॉल-इन घेतला आणि मी बघतच राहिलो. हिशोब करा. थर्ड इयरची पोरं २०१९ ला भरती झालेली, त्यांनी मैदान पाहिलं ते फर्स्ट इयरचे सात महिने, तेही रांगेत उभं राहून, कमांड कधी दिलीच नाही. सेकंड इयरची २०२० ची, त्यांनी मैदान पाहिलंच नाही. आणि फर्स्ट इयर कोरं करकरीत. ज्यांना येत होतं ते २०१८ चे सगळे पास होऊन गेलेले. सेकंड इयरचा एक पोरगा, ऑनलाइन टेस्टमध्ये कायम पहिला, त्याला म्हटलं दहा पोरं घे आणि दाहिने सज (उजवीकडं बघून रांग सरळ करणं) करून दाखव. त्याला वर्ड ऑफ कमांड पाठ होता, इशारा कुठला आणि हुकूम कुठला, मध्ये किती थांबायचं, सगळं त्यानं मला व्यवस्थित सांगितलं. दहाजणांसमोर उभा राहिल्यावर तोंडातून आवाज फुटेना. खालच्या मानेनं म्हणाला "सर, सगळे माझ्याकडेच बघतायत."

आता असं वाटेल की चार रविवारांत होईल ठीक. उस्तादांना जोर चढला, ते म्हणाले सगळ्यांना मी एकत्र घेतो. मी नको म्हटलं, आणि आयुष्यात थोडेच निर्णय बरे घेतले असतील त्यातला हा एक. त्यानं परत तेच झालं असतं, झूमच्या जागी उस्ताद. मी जुन्या एस.यू.ओ.ला फोन केला. ती पोलीस भरतीची तयारी करत होती, पहाटे ग्राउंडवर पळायला यायचीच. तिच्या बॅचचे आणखी चौघं आले. त्यांना एकच सांगितलं, फर्स्ट इयरला हात लावायचा नाही. तुम्ही थर्ड आणि सेकंडला तयार करा, फर्स्टवाले तोपर्यंत मैदानाभोवती पळू देत, दगड वेचू देत, काहीही. महिनाभर फर्स्ट इयरच्या पालकांचे फोन येत होते की आमच्या पोराला नुसतं पळवताय. डिसेंबरमध्ये सेकंड इयरनं फर्स्ट इयर हातात घेतलं, उस्ताद मागं हाताची घडी घालून, बोलायचं नाही या अटीवर. बिचाऱ्यांना किती त्रास झाला असेल, जबडा हलताना दिसायचा.

आणि जानेवारी २०२२ ला ओमिक्रॉन, कॉलेज परत बंद!

हा दुसरा ऑनलाइनचा टप्पा जेमतेम दीड महिन्याचा, पण हे सगळं लिहायचं खरं कारण तोच आहे. या वेळी मी क्लास घेतलाच नाही. दहा-दहाच्या सेक्शन पाडल्या, प्रत्येकीला एक सेकंड किंवा थर्ड इयरचा कमांडर, त्याचा स्वतःचा गुगल मीट, वेळ त्यानं ठरवायची, कुणाकडे कधी फोन असतो ते बघून. दहाजण म्हटल्यावर कॅमेरे चालू झाले, नेटही टिकलं. काम मी बुधवारी द्यायचो, एकच, आणि ते कमांडरलाच द्यायचो. रविवारी कमांडरनं मला फोनवर रिपोर्ट द्यायचा, किती हजर, कोण का नाही, काय जमलं नाही. कुणाच्या घरी पॉझिटिव्ह आहे, कुणाचा फोन विकला गेला, कुणाचं लग्न ठरतंय आणि ती एनसीसी सोडणार आहे, हे मला या फोनवर कळायला लागलं. पहिल्या दीड वर्षात यातलं एकही कळलं नव्हतं, माझ्याकडे फक्त स्क्रीनशॉट होते. ज्या पोराचा आवाज फुटत नव्हता त्यानं पहिल्या रिपोर्टला सगळं कागदावरून वाचलं. चौथ्याला मला म्हणाला, सर तुम्ही दिलेलं काम चुकलंय, माझ्या सेक्शनमध्ये चारजणांकडे प्रिंटच नाही, मी बदललं. मी म्हटलं बरं केलंस.

मैदान उघडल्यावर ड्रिल कच्चीच होती, सांगून ठेवतो. रायफल तर पहिल्यापासून. पण फॉल-इन चार मिनिटांत झाला आणि मला काही बोलावं लागलं नाही.

पुढं कुठंतरी वाचनात आलं की अमेरिकन आर्मीनंही असाच अनुभव घेतलाय. त्यांच्याकडे आपल्या नायक-हवालदार दर्जाच्या लोकांसाठी २०१० च्या सुमारास स्ट्रक्चर्ड सेल्फ-डेव्हलपमेंट नावाचं सक्तीचं ऑनलाइन ट्रेनिंग आलं, ते पूर्ण केल्याशिवाय पुढच्या कोर्सला जाता येत नव्हतं. पुढं त्याचं नाव डिस्ट्रिब्युटेड लीडर कोर्स झालं. जवान एकटा बसून स्लाइड बघणार, पुढं-पुढं बटण दाबणार, शेवटी टेस्ट. २०२४ मध्ये ते बंद केलं. ज्याचं काम दहा माणसं चालवायचं त्याला एकट्याला स्क्रीनसमोर बसवून ते कसं शिकवणार, माझ्या एस.यू.ओ.नं विचारलेला प्रश्न तोच. आपल्याकडे वेलिंग्टनला डिफेन्स सर्व्हिसेस स्टाफ कॉलेजमध्ये तिन्ही दलांचे आणि परदेशातलेही ऑफिसर जवळपास वर्षभर बायकामुलांसकट निलगिरीत नेऊन ठेवतात, लेक्चरची रेकॉर्डिंग पाठवली तर केवढा खर्च वाचेल, तरी पाठवत नाहीत. छोट्या सिंडिकेटमध्ये बसून एकमेकांशी वाद घालणं हाच तिथला मोठा भाग आहे. आमचं दहाचं सेक्शन म्हणजे त्याचीच गरिबाघरची आवृत्ती म्हणा.

माझ्या ओळखीतले काही ए.एन.ओ. म्हणतात की तुमच्याकडे पोरं चांगली होती म्हणून जमलं. असेल. सगळ्या सेक्शन चालल्या असंही नाही, दोन तर आठवड्यात बंद पडल्या, एका कमांडरनं हजेरी घरबसल्या ठोकून दिली आणि मला दोन रविवार कळलं नाही. स्क्रीनशॉट मागितले असते तर कदाचित पहिल्याच रविवारी कळलं असतं, हेही खरं.

सध्या ड्रिल, फायरिंग आणि फिल्डक्राफ्ट मैदानावरच होतं, त्यात तडजोड नाही. मॅप रीडिंगचा गावाचा नकाशा आणि पत्र्याखालचा कंपास मात्र अजून मोबाईलवरच, दिवाळीच्या सुट्टीत, कारण पोरं तेव्हा घरी असतात. आणि बुधवारी रात्री सेक्शनचे मीट अजून चालतात, परीक्षेच्या आधी तर रोज. लिंक मला येत नाही, मी मागतही नाही. रविवारी सकाळी सातला रिपोर्ट येतो.